बॅनरला पैसे मिळतात, बाईला नाहीत

पोषण शिक्षणासाठी सरकारी अनुदान मागणाऱ्या संस्थांवरचा एक आक्षेप आता इतका रूढ झाला आहे की तो घेणाऱ्याला कोणी पुरावाही मागत नाही. उपाशी माणसाला व्याख्यान कशाला, भाकरी द्या. संस्था प्रस्ताव टाकतात, पैसे उचलतात, चार बॅनर लावतात, फोटो काढतात आणि मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र जोडून मोकळ्या होतात. एवढ्या पैशात पोरांना अंडी देता आली असती. आणि शिकवायचेच असेल तर अंगणवाडी सेविका आहे, आशा कार्यकर्ती आहे, मध्ये तिसरे कोणी कशाला? जिल्ह्याच्या आढावा बैठकीत अधिकारी हे बोलतात आणि अन्न अधिकाराच्या मोर्चात कार्यकर्तेही हेच बोलतात. एरवी ज्यांचे एकमेकांशी पटत नाही अशा दोन बाजू एकच वाक्य उच्चारतात, म्हणून ते खरे वाटू लागते. ते खरे नाही, आणि त्याचे धोरण झाले तर झळ दोन वर्षांच्या आतल्या मुलांना बसणार आहे. म्हणून हा प्रतिवाद.

आक्षेपातले जे खरे आहे ते आधी मान्य करतो. अंगणवाडीतल्या पूरक आहारासाठी एका मुलामागे दिवसाला ८ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरला आणि पुढे कित्येक वर्षे तोच राहिला. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी साडेनऊ रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी १२. दरम्यान डाळ, तेल आणि अंडे यांचे भाव कुठल्या कुठे गेले. शाळेच्या पोषण आहारात अंडे द्यायचा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी काढून घेत लोकसहभागातून पैसा उभा करा असे शाळांना सांगितले. अशा परिस्थितीत कोणी एखाद्या मजूर बाईला समोर बसवून प्रथिनांचे महत्त्व सांगू लागला, तर तिने चिडावे हेच योग्य आहे. अन्नाच्या ऐवजी शिक्षण देणारा कार्यक्रम मलाही नको आहे. तसला प्रस्ताव कोणत्याही अधिकाऱ्याने पहिल्याच वाचनात परत करावा.

पण अन्न कमी पडते म्हणून शिकवणे निरुपयोगी ठरते, हा निष्कर्ष कुठून आला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले, म्हणजे २०१९-२१ चे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. देशात ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाली. जन्मल्यावर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बाळे मात्र ४१.८ टक्के. चिकाच्या दुधाला रेशनकार्ड लागत नाही, त्याची निविदा निघत नाही, त्याला बाजारभाव नाही. आई दवाखान्यात होती, आजूबाजूला पांढऱ्या कपड्यातली माणसे होती, तरी निम्म्याहून अधिक बाळांना ते वेळेवर मिळाले नाही. कुठे सिझेरियननंतर बाळ दुसऱ्या खोलीत ठेवले गेले, कुठे आजीने आधी मध चाटवला किंवा गुळाचे पाणी दिले, कुठे पहिलटकरणीला बाळ कसे धरायचे हेच कोणी दाखवले नाही आणि दूध येत नाही म्हणून पावडरचा डबा आला. यातले एकही कारण भाकरीने सुटणारे नाही. त्या तासात तिच्या खाटेशी बसणारे, हात धरून दाखवणारे, आजीशी न भांडता बोलणारे आणि गरज पडली तर नर्सलाही सांगणारे माणूस हवे होते. त्या माणसाच्या पगाराचा हिशेब कोणत्या खात्यात धरायचा, याच प्रश्नातून अनुदानाचा प्रश्न निघतो.

त्याच सर्वेक्षणात सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले शंभरात जेमतेम अकरा आहेत. गरिबी हेच एकमेव कारण असते तर सधन घरांत हा आकडा झपाट्याने वर गेला असता. तो तसा जात नाही. बागायतदाराच्या घरीही नऊ महिन्यांच्या बाळाला वरणाचे नुसते पाणी भरवले जाते, कारण घट्ट वरणभात त्याला पचणार नाही अशी समजूत आहे. आपल्याकडे उष्टावण थाटात होते, मामा येतो, चांदीची वाटी येते, आणि दुसऱ्या दिवसापासून बाळ पुन्हा दुधावर आणि बिस्किटावर. वाटीतला घास किती घट्ट असावा, दिवसातून किती वेळा द्यावा, तापातून उठलेल्या मुलाला जास्तीचे काय द्यावे, ही माहिती दिसायला साधी आहे. ती घरात रुजायला मात्र अनेक भेटी लागतात, आणि त्यांतल्या निम्म्या सासूशी असतात.

शिकवण्याने काही होत नाही असे ठामपणे सांगणाऱ्यांनी बांगलादेशातला एक प्रयोग पाहावा. जागतिक अन्न कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्था यांनी २०१२ ते २०१४ या काळात तिथल्या ग्रामीण भागातल्या अतिगरीब बायकांसोबत तो केला. उत्तरेत काहींना दरमहा नुसते पैसे दिले, काहींना नुसते धान्य, काहींना दोन्ही अर्धे अर्धे, आणि एका गटाला पैशांबरोबर नियमित पोषण शिक्षण दिले. त्यात दर आठवड्याच्या बैठका होत्या, घरभेटी होत्या, सासूसासऱ्यांना आणि नवऱ्यांना बोलावणे होते. दोन वर्षांनी नुसत्या पैशाने किंवा नुसत्या धान्याने मुलांच्या खुरटलेल्या वाढीच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नव्हता. पैसे आणि शिक्षण या गटात मात्र ते प्रमाण सुमारे सात टक्के-बिंदूंनी उतरले. हेही सांगितले पाहिजे की दक्षिणेत धान्याबरोबर शिक्षण दिले तिथे उंचीवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे शिक्षण हा मंत्र नाही, त्याला हातात पैसा लागतो. पण ‘भाकरी द्या, बोलू नका’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने यातला एकही गट उभा राहत नाही.

इतके लांब जायचीही गरज नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, त्यांनी घरोघरी जाऊन आयांना शिकवले, आजारी बाळांवर उपचार केले, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २०११ पासून आशांच्या घरभेटींमधून नवजात बाळांच्या काळजीचा जो कार्यक्रम देशभर चालतो, त्याचे मूळ या कामात आहे. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी भागात ‘एकजुट’ या संस्थेने बायकांचे गट बसवले. स्थानिक बाईनेच ते चालवले, त्यात चित्रे होती, गोष्टी होत्या, ‘आपल्या पाड्यात मागच्या वर्षी कोणते बाळ गेले आणि का’ यावर बोलणे होते. तीन वर्षांत नवजात मृत्युदर ३२ टक्के कमी निघाला. याच भागात पुढे पोषणावर काम झाले तेव्हा मुलांच्या उंचीत फरक पडला नाही, हे संशोधकांनी लपवले नाही. आहारातली विविधता मात्र वाढली, कमी वजनाची मुले घटली, बालमृत्यू कमी झाले. उंची वाढली नाही एवढेच वाक्य उचलून कोणी हे सगळे काम फोल ठरवणार असेल, तर वाचलेली बाळे त्याने कुठे मोजली ते सांगावे.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कायम सुटते. गावात पोषणाचे शिक्षण चालू आहेच. रोज, दिवसातून अनेकदा, उत्तम चित्रे आणि उत्तम संगीत लावून ते दिले जाते. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यात ताकद आहे, डब्यातली पावडर दुधात घातली की मूल उंच होते, पाकिटातला रस म्हणजे फळ. मजुरीवरून उशिरा परतलेली आई चूल पेटेपर्यंत मुलाच्या हातात कुरकुऱ्यांचे पाकीट देते, तेव्हा ती अडाणीपणाने वागत नसते. तिला जे शिकवले गेले आणि जे दाराशी पाच-दहा रुपयांत मिळते, त्यातून ती निवडते. जाहिरातीने आईचे वागणे बदलते हे आपल्या संसदेने केव्हाच मान्य केले आहे. म्हणून तर १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात बंद झाली. विकणाऱ्याच्या शिकवण्यात एवढी ताकद असते, मग न विकणाऱ्याने शिकवले की ते ‘व्याख्यान’ कसे होते? फरक एवढाच की पहिल्याकडे जाहिरातीचा खर्च आहे आणि दुसऱ्याला तोच खर्च अर्ज करून मागावा लागतो.

आता पैसे खाण्याचा आरोप. तो झटकून टाकता येणार नाही, कारण बॅनर, फोटो आणि रिकामे अहवाल मीही पाहिले आहेत. पोषण माहातली प्रभातफेरी, रानभाज्यांचे प्रदर्शन, पाककृती स्पर्धा, सगळ्यांत मोठा फोटो प्रमुख पाहुण्यांचा. आक्षेप घेणारे इथे थांबतात आणि निष्कर्ष काढतात. मला पुढचा प्रश्न विचारायचा आहे: हे असे का होते? काही छोट्या संस्थांचे प्रस्ताव लिहायला मी मदत केली आहे, आणि माझे म्हणणे असे आहे की अनुदानाचा नमुनाच बॅनर मागतो. त्या नमुन्यात बॅनरला जागा आहे, घरोघर फिरणाऱ्या बाईला नाही.

प्रस्तावाची फाईल उघडा. नोंदणीचे प्रमाणपत्र, धर्मादाय आयुक्तांकडे भरलेले हिशेब, आयकराचे दाखले, दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, विश्वस्तांचे ठराव. सरकारी पैसा आहे, हे हवेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग अंदाजपत्रक येते. प्रशिक्षण शिबिर, प्रचार साहित्य, मेळावा, मंडप, चहापान, प्रवास, छपाई. प्रत्येकाला ओळ आहे, दर आहे, पावती कशी जोडायची याची सूचना आहे. मानधनाची ओळ आली की पेन्सिल चालते. ‘कार्यकर्तीला एवढे कशाला, अंगणवाडी सेविकेला किती मिळते माहीत आहे ना?’ तिचे काम प्रशासकीय खर्चात ढकलले जाते आणि प्रशासकीय खर्चाला मर्यादा असते. म्हणजे जी बाई महिन्याला तीस घरांत जाऊन आईशेजारी बसणार आहे, तिचा मेहनताना कागदावर ऑफिसच्या भाड्याबरोबर आणि झेरॉक्सबरोबर बसतो. शिक्षणाच्या कार्यक्रमात शिकवणारीच ‘वरखर्च’ ठरते. तिचे मानधन कापून उरलेल्या पैशाचे बॅनर छापले गेले, तर दोष छापणाऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे होता येत नाही.

मग उद्दिष्टे. किती बैठका, किती लाभार्थी, किती पत्रके, किती गावे. तालुक्यात पाचशे बायका ‘जागृत’ करायच्या असतात आणि त्या एका दिवसात, एका मंडपात होतात. त्यांतल्या एकीच्याही मुलाने दुसऱ्या दिवशी काय खाल्ले हा रकाना मी एकाही नमुन्यात पाहिला नाही. पोषण अभियान २०१८ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यात जनआंदोलन हा मोठा भाग होता आणि अंगणवाडीत महिन्याला दोन समुदाय आधारित कार्यक्रम घ्यायचे ठरले. एका कार्यक्रमाला २५० रुपये. अडीचशे रुपयांत ओटी भरता येते, नारळ आणता येतो, एक फलक टांगता येतो. कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांनी त्या गरोदर बाईच्या घरी जाऊन, तिने लोहाच्या गोळ्या का सोडल्या हे विचारायचे पैसे त्यात नाहीत. गोळ्यांनी मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून सासू म्हणाली बंद कर, इतके साधे कारण असते, आणि ते फक्त घरी बसून कळते. महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमधला रक्तक्षय २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के होता, २०१९-२१ मध्ये तो ६८.९ टक्के निघाला. लोहाचे औषध दवाखान्यात पोचते आणि घराच्या फळीवर पडून राहते, त्या मधल्या अंतराला अनुदानाच्या नमुन्यात नाव नाही.

वेळेचे तर याहून वाईट. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते. मंजुरीची पत्रे दिवाळीनंतर येतात, पहिला हप्ता कधी जानेवारीत, कधी फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चपर्यंत खर्च दाखवायचा. मागच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि मागची रक्कमच उशिरा आलेली. मृगात लागणारे बियाणे शिमग्याला हाती द्यावे आणि पीक का आले नाही म्हणून चौकशी लावावी, तसा हा प्रकार आहे. सहा आठवड्यांत खर्च करायचा असेल तर मंडप, छपाई आणि जेवणावळ एवढेच शक्य असते. कार्यकर्ती सहा आठवड्यांसाठी नेमता येत नाही. गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे १००० दिवस महत्त्वाचे आहेत हे प्रत्येक सरकारी पुस्तिकेत छापलेले असते, आणि तेच सरकार त्या हजार दिवसांचे काम बारा महिन्यांच्या, प्रत्यक्षात दोन-तीन महिन्यांच्या तुकड्यांत विकत घेते. ज्या संस्थेच्या गंगाजळीत दोन वर्षांचा पगार पडून आहे तीच यात तग धरते. जी संस्था गावातल्या पाच-सहा बायकांनी उभी केली आहे ती पहिल्या वर्षी उसनवारी करते, दुसऱ्या वर्षी कार्यकर्ती शेतमजुरीला जाते आणि तिसऱ्या वर्षी अर्जच येत नाही. मग म्हणायचे, गावपातळीवर चांगल्या संस्थाच नाहीत.

अटी कोणाला बाहेर ठेवतात याचा एक धडा याच राज्याने, याच विषयात घेतलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार हटवा, गावाच्या आणि बचत गटांच्या हाती काम द्या, असा आदेश दिला. त्यानंतरही घरपोच आहाराच्या निविदा अशा मोठ्या आकाराच्या आणि अशा अटींच्या निघाल्या की खऱ्याखुऱ्या बचत गटाने त्यात उतरूच नये. वैष्णोराणी महिला बचत गट हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्राची ती निविदा प्रक्रिया रद्द केली. आहाराच्या बाबतीत जे उघड झाले तेच शिक्षणाच्या अनुदानात उलाढालीच्या आणि ‘पूर्वानुभवा’च्या अटींमधून चालू आहे. पैसे खाणाऱ्याला अडवण्यासाठी या अटी असतात, असे सांगतात. कागद तयार करणारा माणूस पगारावर ठेवू शकतो त्याला त्या अडवत नाहीत. ज्याला तो परवडत नाही त्याला अडवतात.

अंगणवाडी सेविका आहे ना, या मुद्द्यावर फार लिहायला नको, कारण तो सेविकांनीच खोडला आहे. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत आणि प्रत्येकीत एक बाई शाळापूर्व वर्ग घेते, वजन-उंची मोजते, आहार वाटते, रजिस्टर भरते, सर्वेक्षणाला जाते आणि पोषण ट्रॅकर या ॲपवर नोंदी करते. २०२१ मध्ये त्यांनी सरकारी मोबाईल परत केले, कारण ते धड चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होते. डिसेंबर २०२३ मध्ये मानधन, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीसाठी त्या बेमुदत संपावर गेल्या. तिच्या डोक्यावर घरभेटी ठेवून ‘सोय झाली’ म्हणणे हा तिच्यावर आणि आयांवरही अन्याय आहे. माणसांवर लक्ष दिले तर काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. राजमाता जिजाऊ मिशन २००५ मध्ये सुरू झाले, रिकाम्या जागा भरण्यावर आणि पहिल्या हजार दिवसांवर भर आला, आणि २०१२ च्या राज्य पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या मुलांमधील खुरटलेल्या वाढीचे प्रमाण २००५-०६ च्या ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आलेले दिसले. श्रेय एकट्या मिशनचे नाही. मुलींचे शिक्षण, लग्नाचे वय, उत्पन्न, दवाखाने हे सगळे त्यात आहे. पण संशोधकांनी मोजलेल्या कारणांत गावपातळीवरच्या सेवाही होत्या. सेविकेला चांगले मानधन हवे, दुसरी सेविका हवी, हे मी शंभरदा म्हणेन. ते मिळाले तरी गडचिरोलीतले किंवा झारखंडातले नवे काम आधी कोणीतरी बाहेरून करून दाखवावे लागते. नवजात बाळाच्या घरभेटी सरकारी योजनेत आल्या त्या अशाच.

राहिले आपल्याच बाजूचे लोक. सरकारी पैसा घेतला की तोंड बंद होते, म्हणून अर्जच करू नका, असे मला जिव्हाळ्याच्या माणसांनी सांगितले आहे. त्यांची भीती खोटी नाही. पण पर्याय काय आहे ते पाहू. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेने आलेली देणगी छोट्या संस्थेकडे वळती करणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तालुक्यातल्या संस्थेला जो झरा मिळत होता तो आटला. कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या यादीत कुपोषण निर्मूलन आहे, पण तो पैसा बहुधा कारखान्याच्या आसपास राहतो, आणि धडगाव, अक्कलकुवा, धारणी, चिखलदरा इथे कारखाने नाहीत. शिवाय कंपनीला नको म्हणायचा अधिकार आहे. सरकारला तो नाही. माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा हा आहे. सरकारी अनुदान हा करातून आलेला पैसा आहे, त्याची माहिती अधिकारात विचारणा होते, त्याचे लेखापरीक्षण होते, त्यावर विधानसभेत प्रश्न लागतो. अर्ज करणारी संस्था दान मागत नसते, राज्याने स्वतः कबूल केलेले काम करायचा मेहनताना मागत असते. तो मागताना मान खाली घालायचे कारण नाही, आणि तो घेतल्यावर आहारातल्या अळ्यांबद्दल तोंड बंद ठेवायचेही कारण नाही. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख झाली, ती सरकारच्याच आरोग्य अभियानातून आलेल्या पैशावर, आणि त्याच कार्यक्रमातल्या जनसुनावण्यांत गावकऱ्यांनी डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना समोर उभे करून जाब विचारला.

तेव्हा अर्ज करावा, आणि तो वेगळ्या तऱ्हेने करावा. अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत कार्यकर्तीचे मानधन असावे, तीन वर्षांचे, किमान वेतनापेक्षा कमी नसलेले, आणि त्याला ‘कार्यक्रम खर्च’ असेच म्हणावे. पेन्सिल चालली तर लेखी कारण मागावे. मंडपाची ओळ आपणहून काढून टाकावी. ज्या गावात रोजगार हमीचे पैसे थकले आहेत किंवा अंगणवाडीचा आहार तीन महिने आलेला नाही, तिथे शिकवण्याआधी तो आणण्यासाठी काय करणार हे प्रस्तावातच लिहावे, म्हणजे भाकरीचा आक्षेप दारातच मिटेल. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो, गाव आरोग्य समितीकडे वर्षाला १० हजारांपर्यंत अबंधित निधी येतो. त्यातला थोडा वाटा ग्रामसभेने या बाईच्या मानधनाला जोडला तर ती संस्थेची नोकर न राहता गावाची कार्यकर्ती होते.

आणि मोजमाप. पैसा कुठे गेला हे विचारणाऱ्यांना मी अडवत नाही, उलट त्यांनी जास्त विचारावे. फक्त फोटो आणि हजेरीपत्रक मागणे थांबवावे. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलाच्या आईला ‘काल दिवसभरात याने काय काय खाल्ले’ एवढेच विचारायचे असते. आईचे दूध, धान्य, डाळी-शेंगदाणे, दूधदुभते, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-हिरव्या भाज्या-फळे, इतर भाज्या-फळे. या आठांपैकी पाच गट आले का, हे जगभर वापरले जाणारे माप आहे आणि ते गावातली दहावी झालेली मुलगी अर्ध्या दिवसात शिकते. काम सुरू होताना एकदा, दर सहा महिन्यांनी एकदा, आणि आकडे ग्रामसभेत वाचून दाखवायचे. पाच गट न आलेल्या घरांत काय अडले तेही त्याच बैठकीत लिहायचे: कोंबड्या विकल्या, डाळ परवडत नाही, सासू देऊ देत नाही, आई पहाटे ऊसतोडीला जाते. यातली काही उत्तरे पोषण शिक्षणाची आहेत, काही रोजगार हमीची, काही पुरवठा खात्याची, आणि ती कोणाची हे त्या यादीशिवाय कोणालाच कळणार नाही.

आक्षेप घेणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की अनुदान बंद करा असे म्हणण्याआधी त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या मागच्या वर्षीच्या एका मंजूर प्रस्तावाची प्रत मागवावी. त्यात पहिला हप्ता कोणत्या तारखेला खात्यावर पडला ते बघावे, मानधनाच्या ओळीत किती मागितले होते आणि किती दिले ते बघावे, आणि अहवालात एका तरी मुलाने काय खाल्ले याचा उल्लेख आहे का ते शोधावे. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात हप्ता, तीन वर्षांची मंजुरी आणि मानधनाची पूर्ण ओळ, या तीन मागण्यांच्या निवेदनावर त्यांनी आमच्याबरोबर सही करावी.